कुंदाताईंनी थांबायचे ठरवले तेव्हा

कुंदाताई गावस यांची नि माझी पहिली भेट झाली ती डिचोलीत, आमच्या भाड्याच्या खोलीच्या दारात. माझे लग्न होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. माहेर आणि सासर दोन्ही दोडामार्गाकडचे. गावातल्या बालवाडीत मी दोन वर्षे शिकवले होते, ते सोडून नवऱ्यामागे गोव्यात आले होते. माझे यजमान प्रकाश हे कुंदाताई आणि त्यांचे पती आनंदराव यांच्या खनिजाच्या ट्रकवर चालक होते. मालकीणबाई दारात आल्या म्हणून मी गडबडले, बसायला पाट शोधू लागले. ताई बसल्या नाहीत. उंबऱ्यापाशी उभ्या राहूनच त्यांनी विचारले, की प्रकाश घरी आल्यावर किती तास झोपतात.

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावून सांगितले. खाणीवरून जेटीपर्यंत जास्त खेपा करायच्या नादात चालक झोप मोडतात, आणि घरी कोणी बोलत नाही म्हणून मालकाला ते कळत नाही. त्यांना तशी खेप नको होती. प्रकाशची झोप झाली नसेल त्या दिवशी मी बेधडक निरोप धाडावा, ट्रक उभा राहील, असे त्यांनी सांगितले. पुढच्या दोन-तीन वर्षांत मी तसा निरोप चार वेळा धाडला. चारही वेळा ट्रक उभा राहिला, आणि त्याबद्दल प्रकाशना एक शब्दही ऐकावा लागला नाही.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मी लिहावे, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा मी आधी नकारच दिला होता. मंडळातील बहुतेक जण शिकलेले, मोठ्या पदांवरचे. मी ताईंच्या धुलाई कारखान्यात काम करणारी बाई. पण ताईंच्या आयुष्यातला एक काळ असा आहे, जो माझ्याइतका जवळून कोणी पाहिलेला नाही. तो कोणीतरी लिहायला हवा म्हणून हे धाडस करते आहे.

खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीत काय झाले ते तालुक्याला ठाऊक आहे. रांगेने ट्रक उभे राहिले, त्यांच्या चाकांतून गवत वर आले. आनंदराव मुळात उत्साही गृहस्थ. पण ट्रक उभा राहिल्यावर त्यांनी अंथरूण धरले. ताप नव्हता, दुखणे नव्हते, नुसते उठणे नव्हते. ताई रोज सकाळी त्यांना हाताला धरून उठवायच्या, अंगणात खुर्चीवर आणून बसवायच्या आणि मग कामाच्या शोधात बाहेर पडायच्या.

त्यांचे माहेर पेडणे तालुक्यातले. मांद्र्याला त्यांच्या चुलत भावाचे छोटे गेस्टहाऊस आहे. तिथे गेल्या असताना त्यांनी पाहिले, की पाहुण्यांच्या चादरी, टॉवेल धुवायला म्हापशाला जातात आणि वेळेवर परत येत नाहीत. त्यांनी भावाला सांगून टाकले, की पुढच्या आठवड्यापासून चादरी आपण धुणार. घरी एक धुलाई यंत्र होते, दुसरे जुने घेतले आणि परसातल्या पडवीत काम सुरू केले. ट्रक विकला गेला तेव्हा ताई मला म्हणाल्या, की प्रकाश आता टेंपो चालवतील, पण मला तू हवी आहेस. आम्हाला दोघांनाही काम मिळाले.

आमची पहिली खेप फसली. समुद्रावरून आलेल्या चादरींत मुठीमुठीने वाळू असते हे आमच्या ध्यानातच आले नाही. वाळूने यंत्र अडकले आणि मधेच बंद पडले. ताईंनी ते काम टाकले नाही. उरलेल्या सगळ्या चादरी आम्ही दोघींनी विहिरीवर हाताने धुतल्या आणि ठरल्या वेळी मांद्र्याला पोचवल्या. चूक झाली की त्या स्वतःशी पुटपुटत नसत, लगेच नियम करून टाकत. चादर आधी अंगणात झाडायची, मग यंत्रात. पाहुण्यांच्या अंगाच्या तेलाचे डाग गरम पाण्याआधी काढायचे, नाहीतर पिवळे पडून बसतात. आजही नव्या बाईला आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

काही वर्षांनी काही खाणींचे काम थोडे थोडे परत सुरू झाले. तालुक्याला बरे वाटले, आणि आमच्या दोरीवरच्या पांढऱ्या चादरींवर रस्त्याने जाणाऱ्या खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ बसू लागली. धुतलेले पुन्हा धुवायचे. दुसरे कोणी रस्त्याशी भांडत बसले असते. ताईंनी कारखानाच हलवायचे ठरवले. पेडण्याकडे पठाराच्या कडेला त्यांच्या माहेरच्यांची एक रिकामी शेड होती. ती भाड्याने घेतली, छप्पर नवे केले, मोठी यंत्रे बसवली आणि आसपासच्या वाड्यांवरच्या बायकांना कामाला घेतले. डिचोलीतून आम्ही तिघे रोज टेंपोने जाऊ लागलो.

महामारीच्या काळात गेस्टहाऊसे रिकामी झाली. यंत्रे गप्प. त्याच सुमारास आजाऱ्यांना वेगळे ठेवण्याच्या एका ठिकाणच्या चादरी धुवायला कोणी तयार होईना. ताईंनी ते काम घेतले. पण पहिला आठवडा त्यांनी आम्हा कोणालाही शेडमध्ये पाऊल टाकू दिले नाही. आपल्या हातांनी गाठोडी उघडली, उकळत्या पाण्यात घातली, वाळवली. काय काळजी घ्यायची ते स्वतः पुरते शिकून घेतल्यावरच, ज्यांची इच्छा होती त्यांना बोलावले. आम्ही सगळ्या अकरा जणी गेलो.

इथपर्यंतची हकीकत ताईंच्या प्रत्येक सत्कारात सांगितली जाते. टाळ्या पडतात, शाल येते. पुढची कोणी सांगत नाही. ती लिहू की नको, असे मी ताईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "तांच लिही. बाकीचां सगळ्यांनी आयकलेलां आसा."

आमच्या शेडच्याच बाजूला मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि काम अंगावर धावून आले. नवी हॉटेले, नवी मंगल कार्यालये, रोज कोणीतरी विचारत येई. ताईंनी कोणालाच नाही म्हटले नाही. वर्षानुवर्षे काम शोधत हिंडलेल्या माणसाला आलेले काम परत पाठवणे जमत नाही, हे मला आता कळते. तेव्हा मी फक्त त्यांचे धैर्य पाहत होते. दुपारी आम्ही सगळ्या चटईवर बसून जेवायचो. त्यात ताईंचा डबा असायचा, कधी त्या सगळ्यांसाठी उंडे आणायच्या, ते गरम पाव कालवणात बुडवून खाताना गप्पा व्हायच्या. हळूहळू ताई उभ्यानेच चार घास खाऊ लागल्या. मग तेही नाही. बोलता बोलता गप्प व्हायच्या आणि यंत्राच्या काचेकडे बघत राहायच्या. एकदा त्यांना मंदाचे नाव आठवेना. मंदा सहा वर्षे आमच्यात काम करत होती. ताई हसल्या, आम्हीही हसलो, आणि ते तिथेच राहिले.

मी त्यांना दोनदा म्हटले, की ताई, चार दिवस घरी राहा. दोन्ही वेळा त्या पुढचे गाठोडे उघडायला वळल्या. माझ्या नवऱ्याच्या झोपेची चौकशी करायला दारात आलेल्या ताईंना त्यांच्या झोपेविषयी विचारायची हिंमत मात्र मला झाली नाही. ती माझी चूक होती असे मी मानते.

मग तो सोमवार आला. एका लग्नाच्या मेजवानीसाठीची निळी मेजकापडे आमच्याकडे आली होती. धुऊन बाहेर काढली तर त्यांच्यावर फिकट पांढरे पट्टे. कोणीतरी रंगीत कपड्यांत पांढऱ्या कपड्यांची, रंग उडवणारी पावडर घातली होती. हॉटेलातून फोनवर फोन येत होते. ताई शेडच्या मधोमध आल्या. मी जवळ उभी होते. पावडर तुझ्याच ताब्यात असते, असे त्या मला म्हणाल्या, आणि मग सगळ्या बायकांसमोर त्यांनी मला सांगितले, "फाल्यापासून येव नको."

मी त्या कापडांना हात लावलेला नव्हता. यंत्रात पावडर पडली त्या वेळी मी मागच्या अंगाला वाळवणावर होते. पण इतकी वर्षे ज्या बाईने माझ्यावर आवाज चढवला नाही, तिने तो चढवल्यावर काय बोलायचे हे मला ठाऊक नव्हते. मी डबा उचलला आणि पेडण्याहून बस धरून घरी आले.

प्रकाश संतापले. ते म्हणाले, आपणही उद्यापासून टेंपो चालवणार नाही. मी त्यांना समजावले, की चादरी मांद्र्याच्या लोकांच्या आहेत, त्यांनी आपले काय बिघडवले आहे. ते धुसफुसत कामावर गेले. मी दोन दिवस घरात बसून राहिले. बालवाडीतही मला कधी कोणी असे बोलले नव्हते. खरे सांगते, त्या दोन दिवसांत ताईंविषयी माझ्या मनात चांगले काही आले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताई आल्या. नेहमीसारख्या स्कूटर घेऊन नाही, बसने. तो दारातला चेहरा मी विसरणार नाही. या वेळी त्या बसल्या, जमिनीवरच बसल्या. मी पाणी दिले, ते त्यांनी हातात तसेच धरून ठेवले. मग जे झाले ते त्यांनी सांगितले. आदल्या दिवशी त्या पुन्हा रंगीत कापडांच्या यंत्रात पांढरी पावडर घालायला निघाल्या होत्या. मंदाने त्यांचा हात धरला. सोमवारीही तुम्हीच घातली होती, मी पाहिले होते, पण बोलायला भ्याले, असे मंदाने रडत रडत सांगितले.

"सुचिता, ती पावडर मियांच घातलंय. आणि घातलेली माका याद नाय," ताई म्हणाल्या. "माजे हात माका इचारल्याशिवाय काम करतत. स्कूटर घेवन येवक भंय दिसलां. माज्याच्यान आता होणां नाय."

ताईंना रडताना मी कधी पाहिले नव्हते, त्या दिवशीही पाहिले नाही. त्या नुसत्या भिंतीकडे बघत होत्या. मला त्यांची कीव आली आणि रागही गेलेला नव्हता. दोन्ही एकाच वेळी होते. त्यांनी माझी माफी मागितली. मी म्हणाले, "ताई, तुमी माका सगळ्यांसमोर बोललात. आता जां काय सांगायचां तां सगळ्यांसमोरच सांगा." बोलल्यावर मलाच धसका बसला. ताईंनी मान हलवली आणि पाणी प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रे सुरू होण्याआधी त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावले. आनंदरावही आले होते, ते दाराशी उभे राहिले. ताईंनी प्रस्तावना केली नाही.

"सुचितान कायएक चुकवूक नाय. चूक माजी. मी तिका तुमच्यासमोर बोललंय, म्हणान माफी पण तुमच्यासमोर मागतंय," असे म्हणून त्यांनी माझ्याकडे वळून हात जोडले. मग म्हणाल्या, "माका दुखणां आसा. मनाच्या डॉक्टराकडे जातंय. कोणी इचारल्यान तर तसांच सांगा. लपवूचां नाय."

आमच्याकडे मनाच्या डॉक्टरांचे नाव लोक हळू आवाजात घेतात. ताईंनी ते शेडभर ऐकू जाईल असे घेतले. निदान तीन महिने आपण येणार नाही, तोवर सुचिता सांगेल तसे चालेल, असेही त्यांनी सांगितले. मग मंदाने ढिगातली पहिली चादर उचलून अंगणात नेली आणि झाडायला सुरुवात केली, तशा बाकीच्याही उठल्या.

म्हापशाच्या डॉक्टरांनी ताईंना सांगितले, की वर्षानुवर्षे साठलेला हा थकवा आहे. त्याला औषध आहे, पण विश्रांतीशिवाय ते लागू पडणार नाही. ताईंनी औषध सहज घेतले, विश्रांती घेणे त्यांना फार जड गेले. पहिले काही दिवस त्या सकाळी साडी नेसून, केस बांधून तयार व्हायच्या आणि दाराशी येऊन उभ्या राहायच्या. आनंदराव चप्पल घालून यायचे आणि त्यांना फिरायला घेऊन जायचे. मी एकदा हिशेबासाठी नव्हे, नुसती भेटायला गेले, तेव्हा दोघे नुकतेच फिरून आले होते. आनंदराव मला म्हणाले, "ट्रक थांबलो तेवा हिनां माका उठवल्यान. आता माजी पाळी. मी हिका बसवतंय."

सगळे लगेच सुरळीत झाले असे मात्र नाही. त्याच महिन्यात विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलाकडून बोलावणे आले. त्यांचे सगळे काम आम्हाला द्यायची तयारी होती, पण यंत्रे अहोरात्र चालली पाहिजेत आणि बोलणी स्वतः कुंदाताईंनीच करायला हवीत, अशी अट होती. मी घाबरले. एवढे काम हातचे गेले तर बायका मला काय म्हणतील? ताई उठल्या तर पुन्हा आजारी पडतील, हेही समोर दिसत होते. शेवटी मी ताईंकडे गेले आणि सगळे सांगितले. मनात असे होते, की त्या आता उठतील आणि निघतील.

त्यांचे डोळे क्षणभर चमकले, हे मी लपवत नाही. त्या उठून खिडकीपर्यंत गेल्या. मग परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "जावंदे तां काम. माणसां ऱ्हवली तर काम गावतलां."

ते काम गेले. नंतरचे काही महिने आम्हाला कठीण होते. आम्ही शेडमधली एक बाजू बंद ठेवली, पाळ्या वाटून घेतल्या. मांद्र्याची छोटी गेस्टहाऊसे आमच्याबरोबर राहिली. अकरांपैकी एकाही बाईला घरी बसावे लागले नाही. मी चुका केल्या. एकदा दोन गेस्टहाऊसांच्या चादरींची अदलाबदल झाली, आणि मी स्वतः जाऊन माफी मागून आले. ती कशी मागायची हे मी नुकतेच पाहिले होते.

ताई तीन महिन्यांनी परतल्या नाहीत. तिसऱ्या महिन्यात एकदा शेडपर्यंत आल्या, यंत्रांचा आवाज ऐकला आणि घामाघूम होऊन परत गेल्या. सगळ्यांना वाटले, झाले, आता त्या येत नाहीत. त्यांनी मात्र डॉक्टरांना तसे सांगितले, आणखी दोन महिने मागून घेतले आणि पाचव्या महिन्याच्या अखेरीस आल्या. आधी दिवसातून दोन तास, मग अर्धा दिवस. पहिल्या दिवशी त्यांनी यंत्रांना हात लावला नाही. आमच्याबरोबर बसून इस्त्रीच्या चादरींच्या घड्या घातल्या आणि दुपारी चटईवर बसून जेवल्या.

परत आल्यावर त्यांनी जे बदल केले, ते आता आमच्याकडे कायमचे आहेत. गुरुवारी कारखाना बंद असतो, मोसम ऐन भरात असला तरी. पावडर एकटीच्या हाताने पडत नाही, दोघी बघतात. कोणालाही, अगदी ताईंनाही, "आज तुम्ही घरी जा" असे सांगायचा अधिकार प्रत्येक बाईला आहे. गेल्या मोसमात मंदाने तो ताईंवर वापरला. ताई थोड्या रागावल्या, पर्स उचलली आणि गेल्या.

अलीकडे ताईंकडे एक वेगळीच माणसे येऊ लागली आहेत. कोणाचे छोटे हॉटेल, कोणाची काजूची फॅक्टरी. धंदा कसा वाढवावा हे विचारायला ते येत नाहीत. ते दमलेले असतात, आणि हे कोणाजवळ बोलावे ते त्यांना कळत नाही. साखळीकडचे एक फर्निचर कारखानदार आले होते. धिप्पाड गृहस्थ. बसल्या बसल्या त्यांनी धंद्याच्या अडचणी सांगायला सुरुवात केली. ताईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, की बसून जेवल्याला किती दिवस झाले. त्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आले. पुढच्या आठवड्यात ताई त्यांच्याबरोबर म्हापशाला डॉक्टरांकडे गेल्या. ते आत असेपर्यंत दीड तास बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, की आज कामाला येणार नाही, इथे काम आहे.

ताईंविषयी लोक म्हणतात, की त्या कधी खचल्या नाहीत. हे खरे नाही, आणि ताईंना ते आवडतही नाही. त्या खचल्या, आम्ही पाहिले आहे. मग त्यांनी चूक कबूल केली, दुखणे नाव घेऊन सांगितले, समोर आलेले मोठे काम जाऊ दिले आणि बरे होणे हे एखाद्या कामासारखे जिद्दीने पार पाडले. ट्रकच्या दिवसांतली, वाळूने भरलेल्या चादरींच्या दिवसांतली त्यांची चिकाटी मला ठाऊक होतीच. पण थांबायलाही तेवढीच चिकाटी लागते, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

कुंदाताईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. आम्हा अकरा जणींच्या, प्रकाशच्या आणि मांद्र्यापासून डिचोलीपर्यंत ज्यांनी ज्यांनी त्यांच्या शेजारी बसून मन मोकळे केले त्या सर्वांच्या वतीने मी त्यांना मनःपूर्वक नमस्कार करते. ताई, तुम्हांला भरपूर आयुष्य मिळो. ते निरोगी असो, शांत झोपेचे असो, आनंदरावांच्या सोबतीचे असो. साठीच्या समारंभाच्या दुसऱ्या दिवशी मांद्र्याला चादरी नेणारी गाडी नेहमीच्या वेळेला सुटेल, ती आम्ही सोडू. तुम्ही सावकाश या.